सात नंबरचा पंच

त्या दोनशे बॉल पिनांवर सात नंबरचा पंच मी मारला होता. ज्याच्या नावावर तो पंच होता त्यानं नव्हे. एवढं एक वाक्य लिहायला मला चौतीस वर्षं लागली, म्हणून ते सगळ्यात आधी लिहून टाकतो. पुढचं सावकाश सांगता येईल.

मी मूळचा इचलकरंजीचा. चोविसाव्या वर्षी चेन्नईला, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलो आणि इथलाच झालो. बायको तंजावरकडच्या मराठी घरातली मिळाली. तिचं मराठी माझ्या आजीच्याही आधीचं. लग्नानंतर पहिले सहा महिने आम्ही एकमेकांशी तमिळमध्येच नीट बोलू शकत होतो. मी कामाला होतो तो कारखाना लहान होता, चाळीसेक माणसं. ट्रकच्या स्टिअरिंगच्या सांध्यात गोल डोक्याची एक पोलादी पिन बसते, ती आम्ही करायचो. पिन सैल बसली तर ड्रायव्हर चाक एकीकडे वळवतो आणि ट्रक दुसरीकडे जातो. म्हणून प्रत्येक पिन तपासली जायची. तपासणारे आम्ही दोघं होतो, मी आणि अण्णाच्ची.

तिरुनेलवेलीकडच्या माणसाला चेन्नईत अण्णाच्ची म्हणतात. म्हणजे थोरला भाऊ. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा होता आणि मला तंबी म्हणायचा, धाकटा भाऊ. इथं मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, त्यामुळे हीच नावं पुरेत.

आम्हा दोघांकडे एकेक पंच होता. बोटभर लांबीची पोलादी कांडी, टोकाला उलटा कोरलेला आकडा. पिन मोजायची, बरोबर असेल तर तिच्या मागच्या मऊ टोकावर पंच धरून हातोडीचा एक ठोका द्यायचा. माझा आकडा तीन, त्याचा सात. तो आकडा म्हणजे आमची सही. पिन जगात कुठंही गेली तरी ती कुणी पास केली हे तिच्यावर लिहिलेलं असायचं.

अण्णाच्ची ख्रिस्ती होता. त्यानं मला कधी धर्म सांगितला नाही. बसमध्ये पत्रकं वाटणारे लोक दिसले की तो स्वतःच जरा अवघडून खिडकीबाहेर बघायचा. पण त्याची एक सवय होती आणि ती सगळ्या कारखान्याला माहीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायला लोक उठून वेदीपुढे जातात. त्यांच्याकडे अशी शिकवण आहे की कुणाशी बिनसलेलं असेल तर आधी त्याच्याशी मिटवावं, मग देवापुढे यावं. बहुतेक लोक हे रविवारी सकाळी मनातल्या मनात मिटवत असावेत. अण्णाच्ची शनिवारी, शिफ्ट सुटायच्या आधी, हात पुसत प्रत्येकाच्या मशीनपाशी जायचा.

“मंगळवारी तुझ्यावर आवाज चढवला. कारण होतं, पण एवढा आवाज नको होता. मनात ठेवू नकोस.”

बस, इतकंच. उत्तराची वाटही बघायचा नाही.

आमच्याकडे लेथवर एक जण होता, इकडचे नास्तिक घालतात तसा कायम काळा शर्ट घालणारा. देव, देऊळ, भटजी, पाद्री सगळ्यांवर त्याची जीभ सारखीच चाले. तो म्हणायचा, “अण्णाच्ची, तुमच्या देवाला सांगा, मी पुढच्या महिन्याचीही माफी आजच देऊन ठेवतो. तुमची एक फेरी वाचेल.”

“पुढच्या महिन्यात तू काय बोलणार आहेस ते आधी कळू दे,” अण्णाच्ची म्हणायचा. “मग बघू कुणी कुणाला द्यायची.”

पहिली दोन-तीन वर्षं सगळे हसले. मग शनिवारी लोक त्याची वाट बघायला लागले. मग एका शनिवारी काळा शर्टवाला स्वतःच पॅकिंगमधल्या बाईपाशी गेला आणि खाली मान घालून म्हणाला, “अक्का, तुमच्या नवऱ्यावरून बोललो ते जास्त झालं.” बाईनं पेटीवर मारायचा खिळा हातात धरून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” पण पुढे तेही अंगवळणी पडलं. आमच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये हिंदू होते, मुसलमान होते, देव न मानणारा एक होता, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणी ना कुणी कुणापाशी तरी जाऊन पुटपुटत असे. भांडणं थांबली नाहीत. पण ती शिळी व्हायची नाहीत.

मीही शिकलो. शनिवारी घरी येऊन बायकोला म्हणायचो, “परवा भाजीवरून उगाच चिडलो.” ती म्हणायची, “आज शनिवार कीं? तरीच.”

आता त्या लॉटचं.

दोनशे पिनांचं ग्राइंडिंग चुकलं होतं. व्यास दोन शतांश मिलिमीटरनं कमी भरत होता. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही, मायक्रोमीटरला कळतं. अण्णाच्चीनं गुरुवारी दुपारी तो लॉट नापास केला, पेटीला लाल चिठ्ठी बांधली आणि संध्याकाळच्या गाडीनं गावी निघाला. गावच्या चर्चचा वार्षिक सण होता, आठवड्याची रजा होती. मालक तेव्हा कामासाठी गिंडीला गेलेले. “मालकांना तू सांग,” असं म्हणून त्यानं ड्रॉवरची चावी माझ्या हातात दिली. ड्रॉवरमध्ये आमची दोघांची मोजायची हत्यारं असायची. त्याचा पंचही त्यातच होता.

शुक्रवारी मालक आले ते घाईत. ग्राहक कंपनीचा ट्रक दारात उभा होता. “संध्याकाळपर्यंत माल भरला नाही तर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला जाईल,” ते म्हणाले आणि ऑफिसात फोनवर बसले. मी त्यांना लाल चिठ्ठीबद्दल सांगितलं नाही. सांगायला गेलो होतो, दारापर्यंत गेलो होतो. आतून ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “अण्णाच्ची नाही, पण दुसरा आहे ना, बघू तो काय करतो.” तो ‘दुसरा’ शब्द मला लागला.

खरं सांगायचं तर तो फार आधीपासून लागत होता. ग्राहक कंपनीचा तपासनीस माझ्या तीनचा आकडा दिसला की पेटीतल्या दहा-वीस पिना काढून पुन्हा मोजायचा. सातचा आकडा दिसला की पेटी उचलून सरळ आत पाठवायचा. दोघांचं काम एकच, हत्यारं एकच. त्याच्या आकड्याला मोजणं लागत नव्हतं, माझ्या आकड्याला लागत होतं.

मी लाल चिठ्ठी सोडली. ड्रॉवर उघडला. तीनचा पंच हातात घेतला आणि खाली ठेवला, कारण तीनचा माल तिकडे मोजला गेला असता आणि परत आला असता. सातचा घेतला. दोनशे ठोके मारले. मग तपासणीच्या वहीत त्याच्या घाईत रिकाम्या राहिलेल्या रकान्यात गुरुवारची तारीख घालून ‘पास’ लिहिलं, त्याच्यासारखं अक्षर काढून. माणूस इतका प्रामाणिक होता की त्याच्या प्रामाणिकपणाचाच मी खोट्यासाठी उपयोग केला. हे दुसऱ्या कुणाच्या पंचानं जमलं नसतं.

पिना ट्रकपर्यंत पोचल्या नाहीत, एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूनं झाली. सांध्यात बसवताना जोडणी करणाऱ्या कामगाराला त्या ढिल्या लागल्या आणि सगळा लॉट परत आला. प्रत्येक पिनेवर सात.

अण्णाच्ची गावाहून परतला त्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर पिना पसरलेल्या. त्यानं एक उचलून बघितली.

“पंच माझा आहे,” तो म्हणाला. “पण हा लॉट मी नापास केला होता. लाल चिठ्ठी बांधली होती.” आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

मालकांनी मला विचारलं, “लाल चिठ्ठी होती?”

“मला दिसली नाही,” मी म्हणालो.

त्याला माझ्यावर ओरडता आलं असतं. चावी कुणाकडे होती हे विचारता आलं असतं. तो काहीच बोलला नाही. मालक वही उघडून तारीख दाखवत राहिले, ग्राहकाला काय उत्तर देऊ म्हणत राहिले, आणि तो पिन हातात फिरवत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला काढल्याचं पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं की नापास माल जाणूनबुजून पास केला.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो आपलं सामान न्यायला आला. डबा, चष्म्याचं घर, टॉवेल. सगळ्यांचा निरोप घेऊन शेवटी माझ्या टेबलापाशी आला आणि थांबला. मी मायक्रोमीटरमध्ये डोळे घालून बसलो होतो. तो बराच वेळ थांबला असेल, किंवा मला तसं वाटलं असेल. मग काही न बोलता गेला. पहिल्यांदाच.

पुढे मी मुख्य तपासनीस झालो. पंच साखळीनं कमरेला बांधायचा आणि कुणाच्या हातात द्यायचा नाही असा नियम मी केला. लोक म्हणायचे, फार कडक माणूस. अण्णाच्चीला दुसरीकडे तपासणीचं काम कुणी दिलं नाही. वसाहत मोठी दिसते, पण बातमीला लहान असते. तो शहराच्या उत्तर टोकाला, एन्नोरला, एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला एवढं कानावर आलं. आणि गंमत अशी की तो गेल्यावरही शनिवारच्या फेऱ्या चालू राहिल्या. काळा शर्टवाला म्हणायचा, “देव नसला तरी शनिवार आहे ना.” मी निवृत्त झालो त्या वर्षीही दोन जण पॅकिंगपाशी एकमेकांची समजूत काढताना मी बघितले. त्यातल्या एकाचा तर अण्णाच्ची गेला तेव्हा जन्मही झाला नसेल. प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत, आमच्याही देवळांत. चाळीस माणसांचं वागणं इतकं कायमचं बदललेलं मी दुसऱ्या कशानं पाहिलं नाही. त्याच्याकडून मी माफी मागायला शिकलो. सगळ्यांची मागितली. त्याचीच राहिली.

गेल्या वर्षी एका सकाळी काळ्या शर्टवाल्याचा फोन आला. आता त्याचंही वय सत्त्याहत्तर, पण जीभ तशीच.

“अण्णाच्चीशी बोललो काल,” तो म्हणाला. “ब्याऐंशी झाले. मुलीकडे असतात, एन्नोरला. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.”

“बरे आहेत ना?”

“बरे आहेत. मुलगी एक विचित्र गोष्ट सांगत होती. दर रविवारी चर्चला जातात, पण महिन्याच्या त्या रविवारी सगळे उठून पुढे जातात तेव्हा हे बाकावर बसून राहतात. म्हणे कित्येक वर्षं. ती कॉलेजात होती तेव्हापासून. विचारलं तर म्हणतात, एका माणसाशी माझं मिटायचं आहे.” तो हसला. “मी म्हटलं, मी तर नाही ना? मी ऍडव्हान्समध्ये दिली होती.”

मी फोन ठेवला. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी त्याची नोकरी घेतली, फार तर नाव घेतलं. त्याच्या देवापर्यंतची वाट मी अडवून बसलोय हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

“इतकीं वर्षें शनिवारीं मजपाशीं येऊन माफी मागत होतां,” ती म्हणाली. “भाजीची, कॉफीची, टॉवेलाची. मी म्हणायचें, बरा मिळाला नवरा. आणि ज्याची मागायची त्याला सोडून?”

मी एक शेंग उचलून सोलायला लागलो.

“कधीं जायचें?” तिनं विचारलं.

“तू कशाला?”

“तुम्हीं दारापर्यंत जाऊन परत येतां म्हणून.”

बेसिन ब्रिजला गाडी बदलून आम्ही एन्नोरला गेलो. वीज केंद्राच्या राखेनं तिथल्या झाडांची पानं करडी असतात. घर सापडलं. खिडकीच्या गजांवर राखेचा थर होता आणि आत खुर्चीत तो बसला होता, पायांवर पंचा. मी चष्मा पुसला. त्यानं मला आधी ओळखलं.

“तंबी,” तो म्हणाला. “आमच्या एन्नोरच्या गाडीला उशीर होतो, माहीत आहे. पण इतका?”

मुलगी पन्नाशीची. शाळेत शिकवते. तिनं आम्हाला अंकल, आंटी म्हणत बसवलं, कॉफी आणली. मी तिच्या अप्पांच्या जुन्या कारखान्यातला आहे हे कळल्यावर तिचा चेहरा किंचित बंद झाला. कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवून ती आत जायला निघाली.

“थांब जरा,” मी म्हणालो.

अण्णाच्चीनं हात वर केला. “तंबी, कॉफी घे. आलास ना, झालं. बोलायला काही नको.”

“तुमच्याशी नाही बोलत. हिच्याशी बोलतोय.”

आणि मी सांगितलं. वर लिहिलंय तसंच. लाल चिठ्ठी, चावी, दोनशे ठोके, वहीतलं अक्षर, ‘मला दिसली नाही’. मी उभा राहून बोलत होतो, का कोण जाणे. बायकोनं शर्ट ओढून खाली बसवलं.

मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती वडिलांकडे बघत होती.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “पत्र आलं त्या दिवशी. तुम्ही केलंत का, असं सरळ विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पंच माझाच होता.”

“होताच माझा. खोटं कुठं बोललो?”

“अप्पा, मी वर्गात पोरांना सांगते कॉपी करू नका. सांगताना दर वेळी मनात यायचं, आपल्या घरात काय झालंय. दर वेळी. आणि तुम्ही इथं बसून पेपर वाचत होतात.”

त्यानं पायांवरचा पंचा सारखा केला. मग म्हणाला, “मला वाटलं होतं, सोळा वर्षं माझा पंच बघितलाय त्यांनी. मी तोंडानं सांगायला हवं का, मी तसा नाही म्हणून? आणि घरच्यांनाही सांगायला हवं? फार गर्व होता तो. मी त्याला सहनशीलता म्हणत होतो.”

मग माझ्याकडे वळला. “आणि तुझ्याशीही मी चुकलो. आमच्यात सांगितलंय, भावानं अन्याय केला तर दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव. मी सगळ्यांच्या मशीनपाशी गेलो, स्वतःच्या चुका घेऊन. तुझी चूक घेऊन तुझ्यापाशी आलो आणि तोंडच उघडलं नाही. उघडलं असतं तर तू त्याच दिवशी रडला असतास. तू तसला आहेस, मला माहीत आहे. त्यानंतर तुला माफ केलं असं पुष्कळदा म्हटलं. पण ते तोंडातच राहायचं. मग रविवारी उठायचं कसं? खोटा पंच मारल्यासारखं झालं असतं.”

“माझ्यामुळे,” मी म्हणालो.

“थोडं तुझ्यामुळे. सगळं श्रेय तू घेऊ नकोस.”

माझी बायको हसली आणि मग पदरानं डोळे पुसायला लागली. त्याच्या मुलीनं डोळे पुसले नाहीत. तिनं आतून कागद आणि पेन आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“अंकल, लिहून द्या.”

“अगं,” अण्णाच्ची म्हणाला, “म्हातारा माणूस आहे.”

“तुम्हाला काढलं ते पत्र लेखी होतं ना? हेही लेखी पाहिजे.” ती शिक्षिका आहे हे तेव्हा पुरतं कळलं. “आणि मालकांच्या नावानं लिहा. घरात ठेवायला नको मला.”

मालक वारून बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा आता गिंडीला एक लहान इंजिनिअरिंग युनिट चालवतो. त्याच्या नावानं मी लिहिलं, दोन पानं, तिथंच. त्या पत्रात मात्र सगळी नावं आहेत, पहिलं माझं. तिनं ते वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘माझ्याकडून चूक झाली’.

“झाली नाही. केली,” ती म्हणाली.

मी दुरुस्त केलं.

त्या पत्राची प्रत मी काळ्या शर्टवाल्यालाही दिली. जुन्यांपैकी जे सात-आठ जण उरलेत त्यांना त्यानं ती वसाहतीजवळच्या चहाच्या टपरीवर वाचून दाखवली. मी तिथं होतो. त्यानंच यायला लावलं. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली. पॅकिंगमधली बाई, आता पणजी झालेली, म्हणाली, “मला तेव्हाच वाटलं होतं.” मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, “तू चहा घेतलास का?” मी नाही म्हणालो. तिनं टपरीवाल्याला एक चहा सांगितला. एवढंच. मला याहून जास्त मिळायला नको होतं. काही जण माझ्याशी न बोलता गेले, तेही बरोबरच होतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी त्याच्या मुलीचा बायकोला फोन आला. अप्पा उठले, म्हणाली. गुडघ्यांमुळे इतका वेळ लागला की पाद्री भाकर हातात धरून तसेच थांबून राहिले, आणि मागची रांग खोळंबली. कुणाला काही कळलं नाही. तिला कळलं.

मालकांच्या मुलाचं उत्तर यायला दीड महिना गेला. मला वाटलं होतं येणारच नाही. त्यानं फोन केला. म्हणाला, वडिलांनी दिलेलं पत्र मी मागे घेतो, पण नुसतं लिहून देणं मला बरं वाटत नाही. अण्णाच्चींना गिंडीला आणता येईल का? गाडी पाठवतो.

अण्णाच्ची आधी नको म्हणाला. “आता काय त्याचं.” मुलगी म्हणाली, “तुम्हाला नको असेल. मला पाहिजे.”

म्हणून आम्ही गेलो, आम्ही दोघं आणि ते दोघं. तीस-एक माणसांचं युनिट, संगणकावर चालणारी यंत्रं, जमीन स्वयंपाकघरासारखी स्वच्छ. मालकाच्या मुलानं सगळ्यांना थांबवलं आणि उभ्यानं सांगितलं की या माणसाला माझ्या वडिलांनी चुकीच्या आरोपावरून काढलं होतं, आरोप खोटा होता, आणि आमच्या घराण्याच्या वतीनं मी क्षमा मागतो. तो खोटेपणा कुणाचा होता ते त्यानं सांगितलं नाही. मग मी सांगितलं. तरुण पोरं-पोरी माझ्याकडे बघत होती.

नंतर चहा झाला. एक तरुण तपासनीस मुलगी अण्णाच्चीपाशी आली आणि धीर करून म्हणाली, “सार, एका लॉटचं मला कळत नाहीये. भोकात गेज कधी उतरतो, कधी उतरत नाही. सुपरवायझर म्हणतात, जरा दाब, उतरेल.”

“दाखव,” तो म्हणाला.

तिनं पेटी आणली. त्याला टेबलापाशी खुर्ची दिली. त्यानं चष्मा बदलला, एक जॉब, म्हणजे यंत्रावरून उतरलेला भाग, उचलला, टॉवेलानं पुसला, पुन्हा पुसला. पोलादी गेज, नेमक्या मापाचा दांडा, त्याच्या भोकावर अलगद टेकवला आणि हात काढून घेतला. गेज तसाच टेकून राहिला, खाली गेला नाही.

“दाबायचं नाही,” तो म्हणाला. “स्वतःच्या वजनानं गेला तर गेला. दाबून काय, काहीही जातं.”

“मग हा नापास?” त्या तपासनीस मुलीनं विचारलं.

“हा नापास. सुपरवायझरला मी सांगू का तू सांगतेस?”

“मी सांगते,” ती म्हणाली. पण गेली नाही, तिथंच उभी राहिली. बाकीचे दोघे-तिघेही जवळ आले. तो एकेक जॉब उचलत होता, पुसत होता, टेकवत होता. घाई करत नव्हता, प्रत्येकाला पुरता वेळ देत होता. पास झालेले उजवीकडे, नापास डावीकडे.

त्याची मुलगी माझ्या बायकोजवळ भिंतीशी उभी होती. मी बघितलं तर ती हळूहळू पुढे सरकत टेबलापर्यंत आली होती. लहानपणी तिनं वडिलांना घरी येताना बघितलं होतं, काम करताना कधीच नाही. कारखान्यात मुलांना कोण येऊ देतं?

“अप्पा,” ती म्हणाली, “हा कसा ओळखला? मला तर दोन्ही सारखेच दिसतात.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. शेजारची खुर्ची पायानं जवळ ओढली.

“बस,” तो म्हणाला. “आधी हात पूस.”